घरगुती ‘फ्यूजर’ आणि तीस हजार व्होल्टचा वीजपुरवठा

दूरचित्रवाणीच्या इतिहासात अमेरिकेतील फायलो फार्न्सवर्थ यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत त्यांनी संपूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चित्र पाठवून दाखविले, तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. निर्वात नळीतील इलेक्ट्रॉन विद्युतदाबाच्या साहाय्याने हवे तसे वळविण्याचे आणि एका ठिकाणी आणण्याचे जे कसब त्यांनी या कामात मिळविले, त्यातूनच पुढे एका निराळ्या उपकरणाची कल्पना निघाली. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी ती प्रत्यक्षात आणली आणि १९६६ साली तिचे पेटंट मिळविले. हे उपकरण म्हणजे ‘फ्यूजर’. हायड्रोजनचे जड भावंड असलेल्या ड्युटेरियमचे आयन विद्युत्क्षेत्राने मध्यबिंदूकडे खेचायचे, एकमेकांवर आदळवायचे आणि त्यांच्या अणुकेंद्रांचे संमीलन घडवून आणायचे, अशी त्याची योजना आहे. फार्न्सवर्थ यांचे सहकारी रॉबर्ट हिर्श यांनी १९६७ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये या उपकरणाचे मोजमापांसह वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या संचाला १५० किलोव्होल्टपर्यंत विद्युतदाब दिला जात असे.

ऊर्जानिर्मितीचा मार्ग म्हणून फ्यूजर मागे पडला. आयनांपैकी बरेचसे जाळीवर आदळतात, काही वायूच्या अणूंशी टकरा घेऊन मंदावतात आणि संमीलनातून जेवढे हाती येते त्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा अशा रीतीने वाया जाते. टॉड रायडर यांनी १९९५ साली एमआयटीतील आपल्या प्रबंधात या वर्गातील यंत्रांच्या मूलभूत अडचणी गणिताने मांडल्या. मात्र मोठ्या प्रयोगशाळांनी बाजूला ठेवलेले हे उपकरण १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील हौशी प्रयोगकर्त्यांनी उचलले आणि त्याचा एक छंदच होऊन बसला. २००८ साली टेलर विल्सन या चौदा वर्षांच्या मुलाने रेनो येथील नेवाडा विद्यापीठात, मार्च २०१४ मध्ये जेमी एडवर्ड्स या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने इंग्लंडमधील प्रेस्टनजवळच्या आपल्या शाळेत आणि जानेवारी २०१८ मध्ये जॅक्सन ओस्वाल्ट या मुलाने तेराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर मेम्फिसमधील आपल्या घरी फ्यूजर चालवून दाखविला. ओस्वाल्टची नोंद पुढे गिनीज बुकातही झाली.

अशा बातम्यांबरोबर काचेच्या खिडकीतून दिसणाऱ्या जांभळ्या ताऱ्याचे छायाचित्र हमखास असते. त्या पात्राशेजारी तेलाच्या टाकीत बुडवून ठेवलेला वीजपुरवठा संच छायाचित्रात क्वचितच येतो. वस्तुतः निर्वात पात्र आणि पंप जुन्या यंत्रांच्या बाजारात मिळू शकतात, जोडकाम शिकून घेता येते. पण फ्यूजर नुसता चमकतो की खरोखर संमीलन घडवितो, हे वीजपुरवठाच ठरवितो. आणि या छंदात कोणाचा जीव जाण्याचा प्रसंग आलाच, तर तोही बहुधा अणुकेंद्रामुळे न येता याच टाकीतून येईल.

विद्युतदाब कशासाठी?

ड्युटेरियमच्या दोन्ही अणुकेंद्रांवर धन विद्युत्भार असतो व त्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. हे अपाकर्षण भेदून ती पुरेशी जवळ यायची तर त्यांना मोठा वेग हवा. तारे हे काम तापमानाने करतात, फ्यूजर विद्युतदाबाने. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा ही तापमानाच्या भाषेत सुमारे ११,६०० अंशांशी तुल्य असते. त्या हिशेबाने वीस हजार व्होल्टच्या उतारावरून घसरलेला आयन सुमारे २३ कोटी अंशांच्या बरोबरीचा होतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंशांच्या आसपास आहे. ‘सूर्याहून तप्त यंत्र घरात’ या मथळ्यांचे मूळ या भागाकारात असते. फ्यूजरमधील आयन सर्व दिशांना, सर्व वेगांनी फिरणाऱ्या उष्ण वायूसारखे नसतात, त्यामुळे येथे तापमान हा शब्द सवलतीनेच वापरावा लागतो.

अधिक महत्त्वाची बाब अशी की, संमीलनाची शक्यता ऊर्जेबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही. दोन अणुकेंद्रांची सापेक्ष ऊर्जा दहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टवरून एक लाखावर नेली, म्हणजे केवळ दहापट केली, तर ही शक्यता शंभरपटीहूनही अधिक वाढते. त्यामुळे पाच-सहा हजार व्होल्टवर पात्रात अतिशय देखणी चमक दिसते, जाळीच्या छिद्रांतून प्रकाशाचे किरणही बाहेर पडतात, पण मोजण्याजोगा एकही न्यूट्रॉन निघत नाही. साध्या शोधकांना न्यूट्रॉन सापडू लागतात ते साधारणतः वीस किलोव्होल्टच्या पुढे. गंभीरपणे काम करणारे हौशी प्रयोगकर्ते ३० ते ४० किलोव्होल्ट आणि १० ते २० मिलिअँपिअर हे उद्दिष्ट ठेवतात ते याच कारणाने.

या ठिकाणी ऊर्जेचा जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे. ३० किलोव्होल्ट आणि १० मिलिअँपिअर म्हणजे ३०० वॉट, अर्थात एखाद्या मिक्सरला लागते त्याच्या आसपासची वीज. एवढी वीज घेऊन एखाद्या उत्तम घरगुती फ्यूजरने सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन दिले असे मानू. ड्युटेरियमच्या साधारण निम्म्या अभिक्रियांतच न्यूट्रॉन निघतो, म्हणजे अभिक्रिया झाल्या वीस लाख. प्रत्येकीतून सरासरी ३६.५ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. गुणाकार केल्यास हाती येतो जेमतेम एक मायक्रोवॉट, म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. खर्च उत्पन्नाच्या सुमारे पंचवीस कोटी पट! घरचे वीजबिल वाचविण्याच्या गोष्टी या संदर्भात कोणी करू लागल्यास हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. फ्यूजर हे न्यूट्रॉन निर्माण करण्याचे साधन आहे आणि त्या दृष्टीने ते अस्सल आहे.

ऋण टोक आत, बाहेरचे पात्र जमिनीला

आयन धनभारित असल्याने त्यांना खेचून घेणारी आतली जाळी ऋण असावी लागते. बाहेरचे पोलादी पात्र अर्थिंगला जोडलेले असते. त्यामुळे पात्राला हात लागला तरी धोका राहत नाही. याचा अर्थ असा की संचाचे धन टोक जमिनीला आणि ऋण टोक जाळीला हवे. बाजारात जुने म्हणून मिळणारे अनेक संच उलट्या ध्रुवतेचे असतात. चित्रनळीच्या जुन्या दूरचित्रवाणी संचातील फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर धन दाब देतो आणि त्यातील एकदिशकारक डायोड आतच साच्यात बंद केलेला असल्याने तो उलटविताही येत नाही. शिवाय त्याची झेप एक-दोन मिलिअँपिअरपलीकडे नसते.

फ्यूजर हे बल्बसारखे ठरावीक रोध असलेले उपकरणही नव्हे. पात्रात वायूचा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या काही सहस्रांश मिलिमीटर इतका ठेवलेला असतो. विद्युतदाब तसाच ठेवून वायू किंचित वाढविला की प्रवाह झपाट्याने वाढतो. वीजपुरवठा दुबळा असेल तर याच क्षणी त्याचा विद्युतदाब कोसळतो. मोकळ्या टोकांवर तीस हजार व्होल्ट दाखविणारा संच दहा मिलिअँपिअर ओढताच बारा हजारांवर येऊन थांबला, तर पात्रातली चमक वाढलेली दिसते आणि न्यूट्रॉन मात्र नाहीसे होतात. नवख्या प्रयोगकर्त्यांची पहिली निराशा येथेच होते. म्हणून संचाची किंमत मोकळ्या टोकांवरच्या आकड्याने करू नये. भार घेतल्यावर तो किती टिकतो ते पाहावे.

दाब आणायचा कोठून?

बहुतेकांची सुरुवात निऑन पाट्यांच्या ट्रान्सफॉर्मरने होते. अमेरिकेत १५ किलोव्होल्ट आणि ३० किंवा ६० मिलिअँपिअरचे असे लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर पूर्वी सर्रास मिळत. त्यांच्या गाभ्याची रचनाच अशी असते की टोके एकमेकांना चिकटली तरी प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. पण त्यांच्या दुय्यम वेटोळ्याचा मध्य गाभ्याला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो. परिणामी जमिनीच्या तुलनेत प्रत्येक बाजूला साडेसात किलोव्होल्टच मिळतात. प्रत्यावर्ती प्रवाहाचे शिखरमूल्य १.४१ पट धरले तरी दोन डायोड लावून एकदिश दाब निघतो तो साडेदहा किलोव्होल्टच्या आसपास. चमक पाहण्यास एवढे पुरे, संमीलनास अपुरे. अलीकडचे इलेक्ट्रॉनिक निऑन संच तर जमिनीकडे प्रवाह जाताच स्वतःहून बंद पडतात, त्यामुळे या कामी ते निरुपयोगी ठरतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनमधील ट्रान्सफॉर्मरचा मोह अनेकांना होतो, कारण तो भंगारात सहज सापडतो. तो टाळावा. त्याचा दाब केवळ दोन हजार व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे फ्यूजरला तो उपयोगी नाही. पण प्रवाह अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही जास्त, आणि त्याला आवर घालणारे त्यात फारसे काही नाही. लाकडावर विजेने फांद्यांसारखी नक्षी जाळण्याचा एक प्रकार अमेरिकेत लोकप्रिय झाला होता. त्यात हाच ट्रान्सफॉर्मर वापरून अनेकांनी प्राण गमावले आणि तेथील लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांतून तो प्रकार हद्दपार केला.

खऱ्या अर्थाने कामाचा ठरतो तो रुग्णालयातून निवृत्त झालेला क्ष-किरण यंत्राचा ट्रान्सफॉर्मर. शंभर किलोव्होल्ट शिखरमूल्याचा असा ट्रान्सफॉर्मर मध्यभागी जमिनीला जोडलेला असतो. त्याच्या दोन्ही अर्ध्या वेटोळ्यांना योग्य दिशेने डायोड लावले की जमिनीच्या तुलनेत उणे पन्नास किलोव्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो. छायाचित्र घेण्यापुरते सेकंदाच्या अंशभर शेकडो मिलिअँपिअर देण्यासाठी त्याची घडण झालेली असते, त्यामुळे दहा-वीस मिलिअँपिअर सतत देणे त्याला जड जात नाही. गैरसोय नेमकी याच सामर्थ्यात आहे. चुकून काही जमिनीला लागले तर तो थांबत नाही, मागितला तेवढा प्रवाह देऊ पाहतो. म्हणून त्याच्या प्राथमिक बाजूला प्रवाहरोधक वेटोळे किंवा हीटरसारखा रोधक जोडतात आणि सर्वांत पुढे, आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘डिमरस्टॅट’ म्हणून ओळखला जाणारा, फिरत्या मुठीचा ट्रान्सफॉर्मर ठेवून दाब शून्यापासून हळूहळू चढवितात. जुन्या टाक्यांतील तेलाबाबतही सावधगिरी हवी. काही जुन्या विद्युत उपकरणांत पीसीबी वर्गातील विषारी क्लोरीनयुक्त द्रव वापरले जात. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ साली बंदी आली. त्यापूर्वीची टाकी उघडण्याआधी तेलाची तपासणी करून घ्यावी, हे उत्तम.

डायोडांची निवडही वाटते तितकी सोपी नाही. वरील जोडणीत जो डायोड त्या क्षणी प्रवाह अडवून धरतो त्याच्यावर शिखरमूल्याच्या दुप्पट उलटा दाब येतो. पन्नास किलोव्होल्टच्या संचातील प्रत्येक बाजूने शंभर किलोव्होल्ट सोसले पाहिजेत. एकच डायोड एवढे सोसत नाही, म्हणून अनेकांची माळ करून ती तेलात बुडवितात.

पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा दाब

दुसरा मार्ग अधिक इतिहाससिद्ध आहे. मध्यम दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह घ्यायचा आणि धारित्रे व डायोड यांच्या शिडीने तो पायरीपायरीने चढवीत न्यायचा. स्वित्झर्लंडचे हाइनरिख ग्राइनाखर यांनी सुचविलेली ही जोडणी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी मोठ्या प्रमाणावर उभारली. १९३२ साली तिच्या बळावर प्रोटॉन वेगवान करून त्यांनी लिथियमचे अणुकेंद्र फोडले. या कामासाठी दोघांना १९५१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच प्रयोगशाळेत १९३४ साली मार्क ऑलिफंट, पॉल हार्टेक आणि रदरफर्ड यांनी ड्युटेरियमवर ड्युटेरियमचा मारा करून तीच अभिक्रिया पाहिली, जी आज फ्यूजरमध्ये घडते. म्हणजे हौशी मंडळी आपल्या टाकीत जी शिडी रचतात तिचे या विषयाशी असलेले नाते जुनेच आहे.

या शिडीचे गणित मात्र एका जागी निर्दय आहे. शिखरमूल्य पाच किलोव्होल्ट असेल तर प्रत्येक पायरी दहा किलोव्होल्टची भर घालते. तीन पायऱ्यांत कागदावर तीस किलोव्होल्ट होतात. प्रवाह ओढला की दाब घसरतो आणि ही घसरण पायऱ्यांच्या संख्येच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते. धारित्रांची क्षमता आणि प्रवाहाची वारंवारिता वाढली की ती त्या प्रमाणात कमी होते. दहा नॅनोफॅरडची धारित्रे आणि दहा मिलिअँपिअरचा प्रवाह धरून ३० किलोहर्ट्झ वारंवारितेला ही घसरण काढली तर ती सुमारे ७३० व्होल्ट येते, म्हणजे खुशाल दुर्लक्ष करावे इतकी. तीच शिडी अमेरिकेतील घरगुती ६० हर्ट्झवर चालविली तर सूत्रातून घसरणीचा आकडा साडेतीन लाखांहून अधिक व्होल्ट येतो. तीस हजारांच्या संचात साडेतीन लाखांची घसरण याचा सरळ अर्थ हा की संच तो भार घेऊच शकत नाही.

यावर उपाय म्हणून ६० हर्ट्झलाच चिकटून धारित्रे पाचशेपट मोठी केली, तर घसरण आटोक्यात येते. पण मग प्रत्येक धारित्र पाच मायक्रोफॅरडचे होते आणि तीन पायऱ्यांतील सहा धारित्रांत मिळून सुमारे तेराशे ज्यूल ऊर्जा साठून राहते. तीस किलोहर्ट्झच्या शिडीत हीच साठवण अडीच ज्यूलच्या घरात असते. उच्च दाबाखाली साठलेली ऊर्जा दहा ज्यूलच्या पुढे गेली की धोका गंभीर समजला जातो. तेव्हा वारंवारिता वाढविण्याने ट्रान्सफॉर्मर लहान होतो, तारेची बचत होते, हे फायदे खरे असले तरी सर्वांत मोठा फायदा हा की चुकीची शिक्षा सौम्य होते. फेराइट गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, त्याला वेगाने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर आणि पुढे तीन-चार पायऱ्यांची शिडी ही रचना हौशी मंडळींत रूढ होत गेली त्यामागे हेही एक कारण आहे. येथे मायक्रोवेव्ह ओव्हनमधील डायोड मात्र चालत नाहीत. एवढ्या वारंवारितेला ते वेळेवर बंद होत नाहीत, तापतात आणि फुटतात. वेगाने पूर्वस्थितीत येणारे डायोडच घ्यावे लागतात. ज्यांना ऐपत आहे ते ग्लासमन किंवा स्पेलमन या कंपन्यांचे वापरलेले तयार संच विकत घेतात आणि डोकेदुखी वाचवितात.

ठिणगीचा बंदोबस्त

कोणताही फ्यूजर ठिणगी पडल्याशिवाय चालत नाही. पात्र नवीन असताना भिंतींना चिकटलेला वायू सुटत असतो, जाळीवर खरबरीत टोके असतात. अशा क्षणी जाळी आणि पात्र यांत जणू तारच जोडली जाते. तिच्यातून संचाची सगळी साठवण एकदम धावू नये म्हणून संच आणि जाळी यांच्यामध्ये एक संरक्षक रोधक घालतात. तो साधारणतः पन्नास हजार ओहमचा असतो. नेहमीच्या दहा मिलिअँपिअरला त्याच्यावर ५०० व्होल्टच खर्च होतात आणि तो पाच वॉट तापतो. ठिणगीच्या वेळी मात्र तीस किलोव्होल्टवर तो प्रवाह ०.६ अँपिअरवर रोखतो. त्या क्षणी पूर्ण दाब त्याच्या दोन टोकांत उभा राहतो, म्हणून रोधक लांब असावा लागतो. आखूड रोधकाच्या अंगावरूनच ठिणगी उडी मारून जाते. हा रोधक वाचविण्याची काटकसर डायोडांच्या माळेला महागात पडते.

हवेचा विचार करताना गुळगुळीत, समांतर पृष्ठभागांमध्ये दर मिलिमीटरला तीन किलोव्होल्ट ही मर्यादा पाठ्यपुस्तकांत दिलेली असते. प्रत्यक्षात सांध्यांची टोके, तारेचे सुटे केस आणि धूळ यांमुळे ती कधीच पाळली जात नाही. अंधारात निळसर फुलोरा दिसणे, सिसकारी येणे, ओझोनचा उग्र वास सुटणे ही गळतीची लक्षणे होत. दमट हवेत ती वाढतात. म्हणून सांधे गोल गोळ्यांत झाकतात आणि शक्य तेवढे सर्व ट्रान्सफॉर्मर तेलात ठेवतात. तेलात ओलावा वा हवेचे बुडबुडे राहिले तर त्याचा रोधकपणा बराच घटतो. घाईने भरलेली टाकी लगेच चालू न करता तिला निवळू देण्याची पद्धत त्यामुळे पडली आहे.

दाब मोजण्यासाठी नेहमीचा मल्टिमीटर जोडणे म्हणजे तो आणि धरणारा हात दोन्ही गमावणे होय. एक अब्ज ओहमची रोधकांची माळ आणि तिच्या तळाशी एक लाख ओहमचा रोधक घेतला की तळाशी दहा हजारावा हिस्सा मिळतो. तीस किलोव्होल्टचे तीन व्होल्ट होतात. पण तळाचा रोधक कधी तुटला तर मीटरच्या टोकावर सगळाच दाब येऊ पाहतो. तेथे समांतर संरक्षक घटक हवाच. प्रवाहाचा मीटर नेहमी जमिनीकडच्या, म्हणजे धन बाजूच्या परतीच्या तारेत लावावा.

क्ष-किरण आणि खोटे न्यूट्रॉन

आयन आत जातात त्याच विद्युत्क्षेत्रात इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात आणि पात्राच्या भिंतीवर आदळून क्ष-किरण निर्माण करतात. या किरणांची कमाल ऊर्जा लावलेल्या विद्युतदाबाएवढी असते. तीस हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण तीन मिलिमीटर पोलादात जवळजवळ पूर्णपणे शोषले जातात. साठ हजारांवर त्याच पोलादातून शंभरातले पाच-सहा पार होतात. म्हणजे दाब दुप्पट केला की कालपर्यंत पुरेशी असलेली भिंत आज पुरेशी राहत नाही. काचेची खिडकी तर त्याआधीच कमकुवत ठरते. तिच्यातून डोळ्याने न पाहता कॅमेऱ्याने पाहावे आणि पुढे शिसे लावावे, हा या छंदातील पहिल्या धड्यांपैकी एक आहे. त्या मानाने न्यूट्रॉनांचा उपद्रव मर्यादित असतो. सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन देणाऱ्या फ्यूजरपासून एक मीटरवर तासाला सुमारे १२ मायक्रोसिव्हर्ट मात्रा येते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. तरीही अंतर आणि वेळ यांचा हिशेब ठेवणे भाग आहे.

वीजपुरवठ्याचा आणखी एक खोडसाळपणा नोंदविला पाहिजे. न्यूट्रॉन शोधकाच्या नळीतून येणारे स्पंद अतिशय क्षीण असतात. संचातील प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते आणि शोधकाची गणना वाढविते. चमक वाढली, आकडे वाढले, संमीलन साधले, असा आनंद अनेकांनी अकाली साजरा केला आहे. खातरजमा करण्याची पद्धत सोपी आहे. दाब आणि प्रवाह तेच ठेवून ड्युटेरियमच्या जागी साधा हायड्रोजन भरावा. आकडे तरीही चढत असतील तर ते ठिणग्यांचे आहेत. अधिक खात्रीसाठी विजेशी संबंध नसलेले साधन वापरतात. न्यूट्रॉन लागताच ज्याच्या जेलमध्ये बुडबुडे उमटतात असा मात्रामापक, किंवा मेण वा पॉलिथिलीनने मंदावलेल्या न्यूट्रॉनांनी किरणोत्सारी होणारा चांदीचा पत्रा. यांना ठिणगीची बाधा होत नाही.

भारतात क्ष-किरण निर्माण करणारी उपकरणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली येतात. अमेरिकेतही अनेक राज्यांत अशा उपकरणांची नोंदणी करावी लागते. या जातीच्या उपकरणावर आपल्या देशात संशोधन झाले आहे ते संस्थेच्या चौकटीत, गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेशी संलग्न असलेल्या आसाममधील सोनापूर येथील केंद्रात. ड्युटेरियमचा मूळ स्रोत असलेले जड पाणी रायगड जिल्ह्यातील थळ येथे तयार होते खरे, पण त्यामुळे घरगुती प्रयोगाला मोकळीक मिळते असे नाही.

बंद केल्यानंतर

घरात गळतीरोधक ईएलसीबी बसविला आहे, तेव्हा काळजी नाही, ही समजूत या संचाबाबत पूर्णपणे चुकीची आहे. ईएलसीबी जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहातला फरक पाहतो. उच्च दाबाच्या टोकाला हात लागला तर प्रवाह शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून परत दुय्यम वेटोळ्यात जातो. प्राथमिक बाजूला फरक असा पडतच नाही, आणि ईएलसीबी स्वस्थ राहतो. घरगुती वारंवारितेचा ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. क्ष-किरण यंत्राचा ट्रान्सफॉर्मर याच्या कितीतरी पट प्रवाह देण्यास समर्थ असतो. म्हणून टाकीभोवती जमिनीला जोडलेला पिंजरा, त्याचे दार उघडताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि चालविणाऱ्याजवळ मुख्य बटणाची जागा ठाऊक असलेली दुसरी व्यक्ती, या तीन गोष्टींत तडजोड करीत नाहीत. जुने तंत्रज्ञ एक हात खिशात ठेवून काम करीत, कारण दोन हातांमधून जाणारी वाट छातीतून जाते.

काम आटोपल्यावर डिमरस्टॅट शून्यावर आणतात, मुख्य पुरवठा तोडतात, प्लग ओढून बाहेर काढतात आणि थांबतात. दाब मोजणारी एक अब्ज ओहमची माळ शिडीतील विद्युत्भार हळूहळू ओसरू देते. दहा नॅनोफॅरडच्या तीन धारित्रांच्या बाहेरच्या स्तंभाला त्यासाठी पंधरा-वीस सेकंद पुरतात. तथापि माळ आतून तुटलेली असेल तर मीटर शून्य दाखवितो आणि भार जागच्या जागी असतो. म्हणून लांब रोधक दांडीच्या टोकाला बसविलेला, जाड तारेने अर्थिंगला जोडलेला आकडा प्रथम एका रोधकामधून आणि मग थेट जाळीच्या टोकाला लावतात. केवळ त्या टोकाला लावून भागत नाही. शिडीतील धारित्रे एकेक करून रिकामी करावी लागतात, कारण आतल्या स्तंभातील भार बाहेरच्या टोकाला दिसत नाही. रिकामे केलेले धारित्र काही मिनिटांनी पुन्हा थोडे भरलेले आढळते. त्याच्या पातळ थरांत अडकलेला भार सावकाश बाहेर येत असतो. यासाठी आकडा टोकावर तसाच अडकवून ठेवतात, आणि सुटे धारित्र फडताळात ठेवायचे असेल तर त्याची दोन टोके तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून ठेवतात.